मूळ तारखांसह प्रत

हस्तलिखित पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यास एक अडचण वारंवार येते. पोथीच्या शेवटच्या पानावर लेखनिकाने पुष्पिका लिहिलेली असते. तीत ग्रंथाचे नाव, लेखनाचे स्थळ, शक किंवा संवत, आणि कधी कधी लेखनिकाचे स्वतःचे नाव असते. परंतु ही पुष्पिका कोणाची? समोरची पोथी ज्याने लिहिली त्याची, की त्याच्यापुढे जी मूळ पोथी होती तिच्या लेखनिकाची? ग्रंथ उतरवता उतरवता पुष्पिकाही जशीच्या तशी उतरवून घेणारे लेखनिक होऊन गेले आहेत. अशा पोथीचा कागद अलीकडचा असतो आणि तिच्यावरील शक मात्र कितीतरी आधीचा असतो. उलटपक्षी, ज्या लेखनिकाने जुनी पुष्पिका गाळून केवळ आपली तारीख घातली, त्याने मूळ पोथीचा काळ वाचकाच्या दृष्टीने पुसून टाकला.

संगणकावरील फाइलींची प्रत करताना हाच प्रश्न नव्या वेषात पुढे येतो. आशय उतरवणे ही एक क्रिया आहे आणि तो आशय केव्हा सिद्ध झाला याची नोंद उतरवणे ही दुसरी. पहिली झाली म्हणजे दुसरी आपोआप होतेच असे नाही. ती का होत नाही, आणि व्हावी म्हणून काय करावे लागते, हे या पाठात पाहावयाचे आहे.

नोंद कोठे असते?

प्रथम एक उदाहरण घेऊ. समजा, एका जिल्हा ग्रंथालयाने २००९ ते २०११ या काळात आपल्या जुन्या नोंदवह्यांच्या प्रतिमा घेऊन त्या एका संगणकात साठवल्या. त्याच फोल्डरात ग्रंथसूचीच्या तीन फाइली आहेत: ‘सूची’, ‘सूची नवीन’ आणि ‘सूची अंतिम’. जिला ‘अंतिम’ म्हटले तिच्यानंतरही ‘सूची नवीन’मध्ये दुरुस्त्या होत राहिल्या, हे त्या वेळी काम करणाऱ्यांना ठाऊक होते. आज त्यांच्यापैकी कोणी तेथे नाही. आता खरी शेवटची सूची कोणती, हे सांगणारा साक्षीदार एकच उरतो, तो म्हणजे फाइलीची तारीख. आणि नेमक्या याच वेळी जुनी डिस्क कुरकुरू लागल्यामुळे सर्व फोल्डर नव्या डिस्कवर न्यावयाचे ठरते.

ही तारीख फाइलीच्या आत नसते, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. फाइल म्हणजे केवळ आशयाची बाइटे. तिचा आकार, तिच्या तारखा, ती कोणाच्या मालकीची व कोणी वाचावी, ही माहिती डिस्कवरील वेगळ्या नोंदीत असते. ग्रंथालयाच्या भाषेत बोलावयाचे तर फाइल हे पुस्तक होय आणि ही नोंद म्हणजे दाखल नोंदवहीतील ओळ होय. पुस्तक एका ग्रंथालयातून दुसऱ्यात गेले तरी नोंदवहीतील ओळ त्याच्याबरोबर चालत जात नाही. नव्या ग्रंथालयात नवी ओळ लिहावी लागते, आणि तीत कोणती तारीख घालावयाची हे लिहिणाराच ठरवतो.

विंडोजमध्ये वापरकर्त्यास तीन तारखा दिसतात: निर्मितीची, शेवटच्या बदलाची आणि शेवटच्या वापराची. युनिक्स व त्याच्या परंपरेतील लिनक्समध्ये बदलाची व वापराची तारीख तर असतेच. त्यांखेरीज एक वेगळीच तारीख असते. ती आशयातील बदलाची नसून नोंदीतील बदलाची असते. फाइलीचे नाव, मालक किंवा परवाना बदलला की ही तारीख पुढे सरकते. तिचे महत्त्व पाठाच्या शेवटी स्पष्ट होईल. वापराची तारीख मात्र फारशी विश्वसनीय नाही. प्रत करण्यासाठी फाइल वाचली तरी ती बदलू शकते. शिवाय प्रत्येक वाचनागणिक नोंद लिहिण्याचा भार वाचवण्यासाठी लिनक्सने २००९पासून ती शिथिलपणे ठेवण्याची रीत स्वीकारली आहे. जपण्यासारखी मुख्य तारीख शेवटच्या बदलाची होय.

तीन कालगणना

भारतीय वाचकास अनेक कालगणनांचा परिचय असतोच. शालिवाहन शक, विक्रम संवत आणि इसवी सन हे शेजारी शेजारी नांदतात. २२ मार्च १९५७ रोजी भारत सरकारने शकावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिकाही स्वीकारली. एका गणनेतून दुसरीत जाताना बेरीज-वजाबाकी करावी लागते आणि तीत चूक होऊ शकते. डिस्कांच्या मांडणीतही अशाच निरनिराळ्या कालगणना आहेत.

युनिक्स परंपरा १ जानेवारी १९७० रोजी ग्रीनिचच्या मध्यरात्रीपासून गेलेले सेकंद मोजते. म्हणून तारखेच्या जागी शून्य पडले, तर भारतातील संगणकावर ती फाइल १ जानेवारी १९७०, सकाळी ५.३०ची दिसते. अशी तारीख दिसली की फाइल जुनी आहे असे न समजता नोंद हरवली आहे असे समजावे. ज्या जुन्या यंत्रणांत हा आकडा ३२ बिटांत ठेवला जातो, तेथे तो १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी संपेल. विंडोजची एनटीएफएस ही मांडणी १ जानेवारी १६०१पासून मोजते, आणि तिचे एकक एका सेकंदाचा एक कोटीवा भाग इतके सूक्ष्म आहे.

पेन ड्राइव्ह व कॅमेऱ्यांची कार्डे यांवर आढळणारी फॅट ही मांडणी १९८०पासून मोजते. तिने बदलाच्या वेळेसाठी १६ बिटे राखली आहेत. तासांसाठी ५ बिटे व मिनिटांसाठी ६ बिटे गेली की सेकंदांसाठी ५ उरतात. पाच बिटांत ३२च संख्या मावतात, ६० मावत नाहीत. म्हणून फॅटमध्ये सेकंद दोन-दोनांनी मोजले जातात आणि विषम सेकंदाची वेळ तेथे लिहिताच येत नाही. एनटीएफएसवरील फाइल पेन ड्राइव्हवर गेली की तिची वेळ या जाड मापात बसवली जाते. नंतर दोन्ही प्रतींची तुलना करणारा कार्यक्रम सेकंदाचा फरक पाहून ‘फाइल बदलली आहे’ असा निष्कर्ष काढतो. वस्तुतः एक अक्षरही बदललेले नसते. शिवाय फॅट स्थानिक घड्याळाची वेळ लिहिते, तर वरील दोन्ही मांडण्या जागतिक वेळ लिहितात. परदेशात काढलेली छायाचित्रे भारतात आणून संगणकात उतरवली तर त्यांची वेळ काही तासांनी चुकीची नोंदली जाऊ शकते, ती यामुळे.

नेहमीची नक्कल काय करते?

आता ग्रंथालयाच्या फोल्डराकडे वळू. लिनक्समध्ये ‘सीपी’ या आज्ञेने साधी नक्कल केली, तर संगणक नवी फाइल निर्माण करतो, तीत आशय ओततो आणि तिच्या बदलाची तारीख म्हणून चालू क्षण लिहितो. त्याच्या दृष्टीने हे योग्यच आहे. ही फाइल आत्ताच लिहिली गेली आहे. परंतु तिन्ही सूच्यांवर आता एकाच दुपारची तारीख पडते आणि त्यांचा क्रम सांगणारी एकुलती एक खूण नाहीशी होते.

विंडोजमध्ये माउसने फोल्डर ओढून प्रत केली, तर हानी थोडी कमी होते. फाइलीच्या बदलाची तारीख टिकते, निर्मितीची मात्र नवी पडते. त्यामुळे एक चमत्कारिक दृश्य दिसते. फाइलीचा शेवटचा बदल ८ मार्च २०१० रोजी झालेला असतो, आणि तिची निर्मिती मात्र १२ फेब्रुवारी २०२४ रोजी! जन्मापूर्वी चौदा वर्षे झालेला हा बदल पाहून नवशिका गोंधळतो. निर्मितीची तारीख ही आशयाची नसून त्या डिस्कवरील त्या नोंदीची आहे, हे कळले की कोडे उलगडते. किंबहुना बदलाच्या मागाहून निर्मिती, ही ती फाइल प्रत असल्याची खूणच होय.

एकाच डिस्कवर फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात हलवली तर यांपैकी काही घडत नाही, कारण बाइटे जागची हलत नाहीत. केवळ ती कोणत्या फोल्डरात दाखवावयाची एवढेच बदलते.

फोल्डरची तारीख शेवटी का?

फाइलींपेक्षा फोल्डरांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. फोल्डर ही स्वतः एक यादी आहे. तीत नवे नाव आले किंवा असलेले गेले, की युनिक्समध्ये व एनटीएफएसवर त्या फोल्डरच्या बदलाची तारीख पुढे सरकते. आता प्रत कशी होते ते पाहा. प्रथम रिकामा फोल्डर तयार करावा लागतो, नंतर त्यात फाइली ठेवाव्या लागतात. फोल्डर तयार होताच त्याला मूळची तारीख दिली, तर पहिली फाइल आत पडताच ती तारीख मोडते.

यावर उपाय एकच आहे. आतील सर्व फाइली व उपफोल्डर पूर्ण झाल्यावरच बाहेरील फोल्डरला तारीख द्यावयाची, म्हणजे सर्वांत आतील फोल्डरपासून आरंभ करून बाहेर येत जावयाचे. घर बांधताना उंबऱ्यावरची रांगोळी शेवटी काढतात; आधी काढली तर सामान नेणाऱ्यांच्या पायांखाली ती राहत नाही. चांगले प्रत-कार्यक्रम हा क्रम स्वतःच पाळतात. हाताने तारखा देणाऱ्याने मात्र तो विसरता कामा नये.

गुणधर्म

तारखांखेरीज प्रत्येक फाइलीबरोबर काही गुणधर्म असतात. डॉसच्या काळापासून विंडोजमध्ये चार प्रमुख आहेत: केवळ वाचनीय, लपवलेली, यंत्रणेची आणि संग्रहणीय. शेवटच्या गुणधर्माचा उपयोग राखीव प्रत करणाऱ्या कार्यक्रमांना होतो. फाइल बदलली की ही खूण उभी राहते. राखीव प्रत झाली की कार्यक्रम ती उतरवतो. ही खूण चुकली तर पुढच्या खेपेस नको ती फाइल उचलली जाते किंवा हवी ती सुटते.

युनिक्सची रीत निराळी आहे. तेथे मालक, गट व इतर अशा तिघांना वाचणे, लिहिणे व चालवणे असे तीन अधिकार असतात. म्हणजे एकूण नऊ खुणा. मालकाची नोंद नावाने नसून क्रमांकाने असते. एका संगणकावर १००१ हा क्रमांक ग्रंथपालाचा असेल, तर दुसऱ्यावर तो अगदी वेगळ्या व्यक्तीचा असू शकतो. क्रमांक तंतोतंत जपला आणि मालक मात्र बदलला, असा प्रकार यामुळे घडतो. म्हणून दोन संगणकांमधील प्रतीत क्रमांक जपावा की नाव, याचा निर्णय आधी घ्यावा लागतो. शिवाय दुसऱ्याच्या नावे मालकी लावण्याचा अधिकार केवळ यंत्रणेच्या प्रशासकास असतो. सामान्य वापरकर्त्याने केलेल्या प्रतीत सर्व फाइली त्याच्याच मालकीच्या होतात.

लपवलेल्या फाइलींच्या बाबतीतही सावध राहिले पाहिजे. युनिक्समध्ये नावाचे पहिले चिन्ह टिंब असेल तर ती फाइल लपलेली समजतात. ‘फोल्डरातील सर्व’ या अर्थी तारांकित चिन्ह वापरून प्रत केली, तर या फाइली सहसा मागे राहतात. त्यामुळे फोल्डरातील वस्तू न उचलता फोल्डरच उचलावा.

सर्वच गुणधर्म जपणे नेहमी इष्ट असते असेही नाही. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत सीडीवरून उतरवलेल्या फाइली ‘केवळ वाचनीय’ राहत. सीडीवर लिहिता येत नाही, म्हणून तेथे ती खूण सार्थ होती. संगणकावर आल्यावर ती अडसर ठरे.

प्रत करण्याची साधने

येथे आज्ञांची नावे उच्चारानुसार दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत लिहावी लागतात.

विंडोजवर ‘रोबोकॉपी’ हा कार्यक्रम या कामासाठी सर्वांत सोयीचा आहे. पूर्वी तो वेगळा मिळवावा लागे. २००७मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून तो यंत्रणेबरोबरच येतो. फाइलींचा आशय, गुणधर्म व तारखा तो न सांगताही उतरवतो. फोल्डरांच्या तारखांसाठी मात्र ‘डीकॉपी’ या पर्यायापुढे तारखांसाठी असलेले ‘टी’ हे अक्षर स्पष्टपणे द्यावे लागते. पुष्कळांची निराशा होते ती हे न दिल्यामुळेच. रिकाम्या फोल्डरांसह संपूर्ण शाखा हवी असेल तर ‘ई’ हा पर्याय जोडतात. सुरक्षेचे परवाने व मालकी हवी असल्यास ‘कॉपीऑल’ आहे; त्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. जुनी ‘एक्सकॉपी’ ही आज्ञा ‘के’ हा पर्याय न दिल्यास ‘केवळ वाचनीय’ ही खूण काढून टाकते.

लिनक्सवर ‘सीपी’ या आज्ञेस ‘ए’ हा पर्याय दिला की ती तारखा, परवाने व शक्य असल्यास मालकीही जपते. दूरच्या संगणकाशी व्यवहार असेल, किंवा तीच प्रत पुनःपुन्हा अद्ययावत करावयाची असेल, तर ‘आरसिंक’ हा कार्यक्रम वापरतात. त्याची पहिली आवृत्ती अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकरस यांनी १९९६मध्ये प्रसिद्ध केली. तेथेही ‘ए’ हाच पर्याय आहे. त्याचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्याजोगे आहे. कोणती फाइल पुन्हा न्यावयाची हे तो सामान्यतः आकार व बदलाची तारीख या दोहोंवरून ठरवतो. पहिल्याच वेळी तारखा जपल्या नाहीत, तर दुसऱ्या खेपेस त्याला प्रत्येक फाइल बदललेली वाटते आणि सर्व काम नव्याने करावे लागते. फॅटच्या दोन सेकंदांच्या मापामुळे असा गैरसमज होत असेल तर या दोन्ही कार्यक्रमांना तेवढा फरक दुर्लक्षिण्यास सांगता येते.

एक धोक्याची सूचना येथेच देणे आवश्यक आहे. रोबोकॉपीचा ‘मिर’ आणि आरसिंकचा ‘डिलीट’ हे पर्याय नव्या जागेस मूळ जागेचे प्रतिबिंब बनवतात. मूळ जागेत जे नाही ते नव्या जागेतून पुसून टाकतात. दोन्ही जागांची नावे उलटसुलट झाली, तर जी नोंद जपावयाची तीच नष्ट होईल. यासाठी दोन्ही कार्यक्रमांत प्रत्यक्ष काही न करता केवळ ‘काय केले जाईल’ याची यादी दाखवण्याची सोय आहे: रोबोकॉपीत ‘एल’ आणि आरसिंकमध्ये ‘एन’. ती यादी वाचल्याखेरीज खरी आज्ञा देऊ नये.

मधला मुक्काम

साधन उत्तम असूनही वाटेतील पात्र अपुरे असेल तर नोंद गळून पडते. लिनक्सवरील फोल्डर फॅट पेन ड्राइव्हवर ठेवून दुसऱ्या लिनक्स संगणकावर नेला, तर मालक व परवाने यांसाठी फॅटमध्ये जागाच नसल्यामुळे ते वाटेतच संपतात. आंतरजालावरील साठवणीत ब्राउझरद्वारा फाइली चढवताना व उतरवताना तारखाही बहुधा नव्या पडतात.

अशा वेळी फोल्डर उघडा न पाठवता गठ्ठा बांधून पाठवावा. युनिक्सची ‘टार’ ही आज्ञा १९७९च्या सातव्या आवृत्तीपासून हेच काम करीत आली आहे. ती फाइलींचा आशय व त्यांच्या नोंदी एकाच मोठ्या फाइलीत क्रमाने लिहिते. त्या गठ्ठ्याची स्वतःची तारीख वाटेत बदलली तरी आतील तारखा सुरक्षित राहतात आणि सोडवताना परत मिळतात. ‘झिप’ गठ्ठाही बदलाच्या तारखा राखतो, तथापि त्याचे मूळ माप फॅटप्रमाणेच दोन सेकंदांचे आहे.

तारीख आणि पुरावा

प्रत पूर्ण झाली म्हणजे काम संपले असे नाही. आशय नीट उतरला की नाही हे हॅश-मूल्याने तपासता येते. फाइलीतील सर्व बाइटांवर गणिती प्रक्रिया करून हा ठसा काढतात. एक बाइट बदलला तरी तो बदलतो. परंतु हा ठसा केवळ आशयाचा असतो. तारीख व गुणधर्म त्यात येत नाहीत. ठसे जुळले, म्हणून तारखाही जुळल्या असे समजणे चूक ठरेल. यास्तव प्रत करण्यापूर्वीच मूळ फोल्डरातील प्रत्येक फाइलीचे नाव, आकार, बदलाची तारीख व हॅश-मूल्य यांची यादी साध्या मजकुराच्या फाइलीत उतरवून ठेवावी, आणि प्रतीवरून तशीच दुसरी यादी काढून दोन्ही ताडून पाहाव्यात. तारखा पुढे कधी हरवल्या, तरी या यादीत त्या शिल्लक राहतात.

येथे पोथीच्या पुष्पिकेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. प्रतीवर दिसणारी जुनी तारीख ही प्रत-कार्यक्रमाने मुद्दाम लिहिलेली असते. जी सोय प्रामाणिक प्रतीस जुनी तारीख देते, तीच सोय कोणत्याही फाइलीस हवी ती तारीख देऊ शकते. म्हणजे फाइलीची तारीख हे एक विधान आहे. ते खरे असू शकते, पण स्वतःचे समर्थन स्वतः करू शकत नाही. युनिक्समधील नोंद-बदलाच्या तारखेचे महत्त्व येथे कळते. ती लिहिण्याची आज्ञा वापरकर्त्यास दिलेलीच नाही. बदलाची तारीख २०१० अशी घातली, तर ती घातल्याचा क्षण नोंद-बदलाच्या जागी लिहिला जातो. पुष्पिका जुनी असली तरी कागद नवा आहे हे त्यावरून दिसते. अर्थात संगणकाचे घड्याळच मागे नेणाऱ्यापुढे हा बंदोबस्तही पुरा पडत नाही.

भारतीय कायद्यानेही या दोन्ही बाजू ओळखल्या आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २०००च्या कलम ७नुसार कागदपत्रे इलेक्ट्रॉनिक रूपात जतन करावयाची असतील तर ती कोठून आली, कोठे गेली आणि ती पाठवल्याची वा मिळाल्याची तारीख व वेळ कोणती, हे ओळखता येईल असा तपशील उपलब्ध असावा लागतो. दुसरीकडे, १ जुलै २०२४ रोजी अंमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३नुसार न्यायालयात सादर करावयाच्या इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते आणि त्याच्या विहित नमुन्यात हॅश-मूल्य नमूद करावे लागते. केवळ पडद्यावर दिसणाऱ्या तारखेवर तेथे विसंबता येत नाही.

ग्रंथालयाच्या उदाहरणात याचा अर्थ असा. जुनी डिस्क उघडून प्रथम यादी करावी. मग तारखा व गुणधर्म जपणाऱ्या साधनाने, आधी पूर्वतपासणी करून, प्रत करावी. नंतर दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. आणि शेवटी नव्या फोल्डरात एक छोटी टिपण-फाइल ठेवावी: ही प्रत अमुक दिवशी, अमुक डिस्कवरून, अमुक साधनाने केली, आतील तारखा मूळच्या आहेत. जुनी पुष्पिका न पुसता तिच्याखाली स्वतःची दुसरी पुष्पिका लिहिणारा लेखनिक हेच करीत असे. त्याच्या पोथीवरून मूळ ग्रंथाचा काळही कळतो आणि प्रतीचाही. तसे केल्यास आणखी वीस वर्षांनी तो फोल्डर उघडणाऱ्यास ‘सूची नवीन’ ही ‘सूची अंतिम’च्या नंतरची आहे, हे कोणास न विचारता सांगता येईल.